स्त्रियांचे गुन्हे कमी का? पोलॅक आणि हायडेन्सॉन

भारतातील तुरुंगांत स्त्री कैद्यांचे प्रमाण सुमारे 4 टक्के आहे. समाजशास्त्रज्ञ ऑटो पोलॅक यांनी 1950 साली मांडले, की स्त्रियांचे गुन्हे झाकलेले राहतात आणि पोलीस, न्यायाधीश त्यांच्याशी दाक्षिण्याने वागतात. आपल्याकडेही अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही, त्यामुळे हे म्हणणे वरकरणी पटते. पण मुंबईच्या कोठड्यांत स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीविषयी पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयात नेलेले, 1983 साली निकाली निघालेले प्रकरण आठवले, की अशा तरतुदींमागे मेहेरबानी नसून कोठडीतल्या अत्याचाराची भीती आहे हे ध्यानात येते.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ फ्रान्सिस हायडेन्सॉन यांचे 1985 चे स्पष्टीकरण मला अधिक वजनदार वाटते: घर, रस्ता आणि नोकरी या तिन्ही ठिकाणी स्त्रीवर पहारा असल्याने गुन्ह्याची संधीच आटते. रात्री साडेदहाच्या लोकलमधला महिला डबा पाहावा. ‘हो आई, माटुंगा गेलं,’ असे कुणीतरी फोनवर सांगत असते. त्याच वेळी कट्ट्यावर बसलेल्या तिच्या भावाला (रिकामटेकडा असला तरी) कोणी काही विचारत नाही. मात्र इतका पहारा असूनही काही स्त्रिया गुन्ह्याकडे का वळतात, हे या मांडणीतून नीट उलगडत नाही. तिथे गरिबीकडेच पाहावे लागते.