निबंधाला पुस्तक कुठलं घ्यायचं? श्यामची आई, मृत्युंजय, बनगरवाडी की अक्करमाशी

माझी भाची अकरावीला आहे, इथंच सोलापुरात. कॉलेजात तिला काम दिलंय की मराठीतलं एक पुस्तक घ्या, त्याच्याबद्दल आपलं एक मत ठरवा आणि ते वाचणाऱ्याला पटवून द्या, आठशे शब्दात. गोष्ट सांगायची नाही, कौतुक करायचं नाही, मत पाहिजे. रविवारी दुपारी वाचनालयातनं आणलेली चार पुस्तकं माझ्यापुढं टाकली आणि म्हणली मामा तूच सांग कुठलं घेऊ. दहा दिवस हातात आहेत. ज्यांच्या घरी असंच पोरगं डोकं धरून बसलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी माझी फजिती सांगतो. मी शाळेत असताना असाच निबंध मृत्युंजयवर लिहिला होता, आवडतं पुस्तक म्हणून, चार पानं भरून कर्ण कसा महान. सरांनी खाली लाल पेनानं एवढंच लिहिलं, ‘आरती छान आहे, मत कुठंय?’ तेव्हा लई राग आला होता पण बरोबर होतं त्यांचं. कर्णावर अन्याय झाला हे सगळ्या वर्गाला आधीच मान्य होतं, मग मी पटवत कुणाला होतो?

तेव्हापासनं माझी एकच टेस्ट आहे. पुस्तकाबद्दल एक वाक्य लिहायचं आणि ते घरात मोठ्यानं वाचायचं. कुणीतरी शहाणा माणूस ‘छे, असं कसं’ म्हणला की पुस्तक घ्यायचं, सगळ्यांनी मान डोलावली तर परत कपाटात. आवडतं पुस्तक घेऊ नका असं नाही, पण आवडत्या पुस्तकाविरुद्ध बोलायला जीभ उचलत नाही आणि दुसरी बाजू तर लिहावीच लागते.

मृत्युंजयपासनंच सुरू करतो. 1967 चं पुस्तक, जाडजूड, आणि दहा दिवसातले सहा वाचण्यातच जाणार हे धरून चाला. वाक्य बदललं तर भांडण मात्र जबरदस्त होतं. मी कट्ट्यावर म्हणलं, कर्णानं दुर्योधनाची साथ दिली ती त्याची स्वतःची चूक, दोस्ती हे कारण पुरत नाही. लगेच एक दोस्त उसळला, ‘काय बे, सगळ्यांसमोर अंगराज केला त्यानं, तू असतास तर सोडला असतास का?’ म्हणजे विषय पास. पण एक गोम आहे. ही गोष्ट एकटा कर्ण सांगत नाही, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे सहा जण आळीपाळीनं बोलतात, तर पुरावा कुणाच्या तोंडचा घेताय ते बघा. शोण कर्णाचा भाऊ, तो चांगलंच बोलणार, त्याच्या शब्दावर केस उभी केली तर वाचणारा हसेल. आणि महाभारतात द्यूतसभेत द्रौपदीला घाण बोलणारा कर्णच आहे, ते टाळून पुढं गेलात तर कुणीही सहज पकडेल.

श्यामची आई बघून भाचीनं नाक मुरडलं, ‘हे काय लहान पोरांचं’. मलाही आधी तेच वाटलं. साने गुरुजींनी 1933 ला नाशिकच्या जेलमध्ये पाच दिवसात लिहिलेलं, बेचाळीस रात्री, प्रत्येक रात्र छोटी, एका दिवसात होतं वाचून. अडचण अशी की पुस्तकाला हात लावायची भीती वाटते, आई म्हणलं की सगळे गप्प. ‘आई थोर होती’ हे वाक्य टेस्टमध्ये सपशेल नापास. पण त्यात पोहण्याचं प्रकरण आहे. श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीनं मारत विहिरीकडं धाडते, का तर पोराला कुणी भित्रा म्हणू नये. ते दोन पानं मी जेवताना मोठ्यानं वाचली (शेंगाचटणीचं तेल लागलं पानाला, वाचनालयाला काय सांगायचं कुणास ठाऊक) आणि विचारलं, हा मार बरोबर होता का? ताई म्हणली हो, भाची म्हणली अजिबात नाही, दाजी काहीच बोलले नाहीत, भाकरी गार होईपर्यंत दोघींचं चाललं होतं.

अक्करमाशी हे आपल्या जिल्ह्यातलं, शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, पुस्तक आलं 1984 ला. तोळा बारा माशांचा, त्यात एक मासा कमी तो अक्करमाशी, म्हणजे लग्नाबाहेर जन्मलेल्याला गाव काय म्हणतं ते पुस्तकाच्या नावातच आहे. आई दलित, बाप गावचा वरच्या जातीचा बडा माणूस, मग शाळेत बापाचं नाव काय लावायचं इथनंच सुरुवात. चारांमधलं सगळ्यात ताकदीचं हेच असं माझं मत, पण अकरावीच्या पोरीला पहिल्याच निबंधाला मी हे देणार नाही. भाषा रोखठोक आहे म्हणून नव्हे, ती वाचू दे. ज्यानं भोगलं त्याच्याशी ‘असं झालंच नसेल’ म्हणून वाद घालता येत नाही, आणि ‘जातीव्यवस्था वाईट’ एवढंच लिहिलं तर परत आरतीच. खरा वादाचा मुद्दा वेगळा आहे, स्वतःच्या आईची, आजीची गोष्ट अशी उघडी मांडायचा हक्क लेखकाला आहे का? ते नीट लिहायला जरा वय पाहिजे. एफवायच्या पुढच्या पोरांनी मात्र जरूर घ्या.

राहिलं बनगरवाडी आणि माझा कौल त्यालाच. व्यंकटेश माडगूळकरांचं, 1955 चं, पातळ पुस्तक, दोन बैठकीत संपतं. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर तरुण मास्तर येतो, शाळा चालवतो, लोकांकडनं तालीम बांधून घेतो, उद्घाटनाला खुद्द राजा येतो आणि नंतर दुष्काळ पडून वाडीच उठून जाते. वाक्य काय, तर ‘मास्तर हरला’. आता बघा, तालीम उभी आहे पण त्यात घुमायला पोरं नाहीत, हा हरल्याचा पुरावा. उलट बाजूनं म्हणाल तर आधी कुणी विचारत नव्हतं तो मास्तर शेवटी वाडीचाच झाला होता. दोन्हीकडं पानावर बोट ठेवून दाखवता येतं, आठशे शब्दात मावतं. फक्त आमच्या सांगोला-मंगळवेढ्याकडच्या पोरांनी सांभाळा, दुष्काळाचं नाव निघालं की टँकर, चारा छावणी करत पुस्तक बाजूलाच राहतं.

कुणीतरी म्हणेल फुल्यांचा शेतकऱ्याचा असूड का नाही. ते पुस्तक स्वतःच एवढं पटवून देतं की आपण नुसते टाळ वाजवत मागं उभं राहतो.

तर एवढं सगळं सांगून मी बनगरवाडी तिच्या हातात दिलं. तिनं परत ठेवलं. श्यामची आईच घेतलं, पोहण्याचंच प्रकरण, आणि बाजू कुणाची? आईची. रविवारी जेवताना ‘अजिबात नाही’ म्हणणारी हीच पोरगी. म्हणली मामा, माझ्या बाजूचे मुद्दे मला आधीच माहितेत, लिहायला मजा नाही येणार. आता रोज संध्याकाळी मी उलट बाजूनं भांडायचं असं ठरलंय आणि काल मी हरलो. ताई आतनं ओरडली, तुम्हा दोघांनाच शिंपटी पाहिजे.