सल्लागार घेतला त्याची गोष्ट: पाचपैकी साडेतीन तारे

पुण्याच्या एका कन्सल्टिंग कंपनीला आम्ही तीन महिन्यांसाठी आमच्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, आणलं होतं. नाव लिहीत नाही, हिशेब अजून मिटायचा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं ग्रे आयर्न कास्टिंगचं, म्हणजे बिडाचे पार्ट ओतायचं काम. दोन इंडक्शन फर्नेस म्हणजे विजेच्या भट्ट्या, साठेक माणसं. वडिलांनी उद्यमनगरातल्या एका गाळ्यात सुरुवात केली, त्यामुळं सल्लागार म्हटलं की त्यांचं ठरलेलं, "आपल्याच विहिरीचं पाणी आपल्याला विकून जातील."

रिजेक्शन ७ टक्क्यांवर गेलं होतं, बहुतेक ब्लोहोल, म्हणजे आत वाफ-हवा अडकून पडलेली भोकं. खराब कास्टिंग पुन्हा वितळवता येतं, पण त्यावर गेलेली वीज नि मजुरी कोण परत देणार?

पहिले पंधरा दिवस वाया गेले. ६४ पानांचं प्रेझेंटेशन आलं, दिसायला झकास. एका पानावर लिहिलं होतं, "आपल्या सहाही फर्नेसचं वेळापत्रक एकत्र बसवावं." वडील म्हणाले, "उरलेल्या चार कुठं ठेवल्यात विचार, आजच जोडून टाकू." चौकशी केली तर पानं एआयनं लिहिलेली आणि त्यांच्या साहेबांनी न वाचता पाठवलेली. यासाठी एक तारा कापला.

मग त्यांनी टीममधल्या सगळ्यात धाकट्याला इथंच ठेवलं. कागलचा पोरगा, मेकॅनिकल करून एमबीए झालेला. तो आल्या आल्या आमच्या साच्याच्या (मोल्डच्या) वाळूच्या टेस्टिंगचं रजिस्टर मागून बसला. वर्षभराच्या नोंदी चाळल्या आणि विचारलं, "सर, सगळे सॅम्पल सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यानचेच कसे?" खरंच की. लॅबवाला जनरल शिफ्टचा, सकाळी आला की रीडिंग घ्यायचा आणि दिवसभराचं काम उरकलं म्हणायचा. ब्लोहोल मात्र दुपारनंतरचे.

तो सेकंड शिफ्टला सँड मिलपाशी, म्हणजे वाळूत पाणी मिसळायच्या यंत्रापाशी, उभा राहिला. मोल्डमधून सुटलेली वाळू दिवसभर तीच ती फिरते, दुपारपर्यंत गरम होते आणि पाणी उडून जातं. मिलवरचे जुने मामा मूठ आवळून बघायचे आणि वाळू भुसभुशीत लागली की पाणी वाढवायचे. "मामा, किती घालताय?" "मुठीला कळतंय की." गरम वाळूत ते पाणी धड मुरत नाही. कुठं ओल जास्त, कुठं कमी. जास्त ओल असेल तिथं धातू ओतला की वाफ होते आणि कास्टिंगमध्ये भोकं पडतात. त्यानं मामांना चूक म्हटलं नाही, मुठीशेजारी थर्मामीटर ठेवला. दर दोन तासांनी सॅम्पल सुरू केलं आणि गार व्हायला वेळ मिळावा म्हणून फिरतीतली वाळू वाढवली. दोन महिन्यांत रिजेक्शन साडेचारवर आलं.

एका सकाळी त्याला फडतरेंच्या मिसळीला नेलं. कटाचा पहिला घोट झाल्यावर पोरगा मोकळा झाला. म्हणाला, "आमच्या सीनियर लोकांनी पहिली दोन वर्षं एक्सेल नि स्लाइड करत धंदा शिकला. ते काम आता मशीन करतंय. मॅकिन्झीसारख्या बड्या कन्सल्टिंग कंपनीनं २०२३ मध्येच स्वतःचं लिली नावाचं एआय आणलं. मग नवा माणूस शिकणार कशावर?" वर दोन भागीदार, खाली ज्युनियर पोरांची फौज आणि त्या पोरांच्या तासांचं बिल, असा हा धंदा चालायचा. आता क्लायंट विचारतो, हे तर माझं मशीनही काढतंय, तासाचे पैसे कशाला? शिवाय कोरोनानंतर मीटिंगा व्हिडिओवर गेल्या, हॉटेल-प्रवासाचा खर्चही कुणाला नको असतो. पण वाळू व्हिडिओवरून हातात येत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो हसला, "म्हणूनच मला शिरोलीला पाठवलं, मोठी कामं भागीदारांकडं." त्याला ती शिक्षा वाटत होती. मला तसं वाटत नाही, पण पगार त्याचा, काळजीही त्याची.

आता फीचं. करारात काही रक्कम ठरलेली, बाकीची निकालावर. ऐकायला छान वाटतं. पण त्याच काळात आम्ही एक किचकट पंप बॉडी बंद केली होती, सगळ्यात जास्त रिजेक्शन तिचंच. मग सुधारणा वाळूची की त्या बॉडीच्या जाण्याची? यावर तीन मीटिंगा झाल्या. शेवटी पार्टप्रमाणे आकडे वेगळे काढले, तेव्हा निम्म्याहून जास्त श्रेय वाळूला गेलं. असा करार करणार असाल तर कुठल्या पार्टचा, कुठल्या महिन्याचा आकडा धरायचा ते आधीच लिहून घ्या. अर्धा तारा इथं गेला.

केंद्राच्या लीन (कारखान्यातली नासाडी कमी करायच्या) योजनेत उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगांना सल्लागाराच्या फीत ९० टक्के मदत मिळते, हे मला सगळं झाल्यावर कळलं. त्याचा दोष कंपनीवर टाकत नाही. त्यांनी सुचवायला हवं होतं एवढंच, पण स्वतःच्याच पोटावर कोण पाय देईल?

घ्यावी का ही सेवा? घ्या, पण प्लँटवर कोण उभा राहणार हे आधी विचारा आणि त्याला मिलपाशी भेटा, कॉन्फरन्स रूममध्ये नको. आमचा शेवटचा हप्ता बाकी आहे. सहा फर्नेसचं ते पान दुरुस्त होऊन आलं की चेक निघेल.