ओपन फाइल्स दिल्या आणि मॅडमचा फोन लागेना

सामाजिक संस्थांसाठी डिझाइनचं काम करणाऱ्यांनी, खास करून नुकती सुरुवात केलेल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय.

मी पुण्यात घरूनच काम करते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये किशोरवयीन मुलींच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेतून फोन आला. वार्षिक अहवाल आणि गावातल्या बैठकींसाठी फ्लिप चार्ट हवा होता. मॅडम बोलायला अतिशय गोड. "ताई, आपलंच काम समजा, बजेट फार नाहीये हो." एरवी दीड लाखाच्या खाली घेतलं नसतं ते काम मी ८५ हजारांत कबूल केलं. करार नाही, ॲडव्हान्स नाही. संस्था खोटी नव्हती. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होती, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवर नाव होतं. मी तेवढं बघून निश्चिंत झाले, तुम्ही होऊ नका.

मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये आला. आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटली, 'आर्थिक'मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. ५६ पानं मी हाताने दुरुस्त केली. फ्लिप चार्टची २४ चित्रं होती. त्यातली विहिरीवरची मुलगी चार वेळा काढली, कारण तिकडच्या मुली त्या वयात परकर-पोलकं घालत नाहीत, असं मॅडमचं म्हणणं. ते बरोबरच होतं आणि मला ते काम मनापासून आवडत होतं.

अहवालाच्या शेवटी जमाखर्च होता. तो तक्ता मीच लावला. 'प्रकाशन व छपाई' यापुढे ६ लाख ४० हजार. आकडे एका रेषेत येतायत ना, एवढंच मी बघत होते. बजेट नाही म्हणणाऱ्या संस्थेचा हा खर्च आहे, हे डोक्यातच आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये ४० हजारांचा पहिला हप्ता आला, १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापून ३६ हजार. मग निरोप आला की छापखान्याला ओपन फाइल्स, म्हणजे बदल करता येतील अशा मूळ फाइल्स हव्यात. छपाईला पीडीएफ पुरते हे मला पक्कं माहीत होतं, तरी दिल्या. त्यानंतर फोन उचलणंच बंद. कधी निधी अडकलाय, कधी अकाउंटंट गावी गेलेत. शेवटी मॅडमच संस्था सोडून गेल्या आणि नवे गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे या कामाची नोंद नाही."

२०२३ च्या जुलैत रिटर्न भरताना कळलं की २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या विवरणात, ते चार हजार दिसतच नाहीत. माझ्या पैशांतून कापले, पण माझ्या पॅनवर भरलेच नाहीत.

वकील मैत्रिणीने नोटीस पाठवली. उत्तर आलं: हे काम स्वेच्छेने, अल्प मानधनावर केलेली सेवा होती. सोबत माझ्याच मेसेजचा स्क्रीनशॉट, "काही हरकत नाही, सावकाश द्या." तो वाचून मी फार वेळ रडले.

लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात मुदतीत (जास्तीत जास्त ४५ दिवसांत) पैसे न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. मी अशा थकबाकीच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलकडे वळले, पण मला सांगण्यात आलं की उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी, कामाच्या आधीची लागते. माझी नंतरची. ती नोंदणी फुकट आहे, घरबसल्या होते, आज रात्रीच करून टाका.

पुढे भोर तालुक्यातल्या एका अंगणवाडीत तो फ्लिप चार्ट दिसला. सेविका पानं उलटत होती, बायका मन लावून ऐकत होत्या. विहिरीवरची मुलगी तीच, फक्त ओढणीचा रंग बदललेला. खाली एका कंपनीचा लोगो आणि डिझाइनसाठी दुसऱ्याच स्टुडिओचं नाव.

अशा संस्थांचं काम मी सोडलेलं नाही. पण आता निम्मे पैसे आल्याशिवाय फाइल उघडत नाही. कॉपीराइटचं हस्तांतर लेखीच लागतं, म्हणून कोटेशनमध्येच लिहिते: पूर्ण रक्कम जमा झाल्यावर हक्क आणि ओपन फाइल्स तुमच्या. दर तिमाहीनंतर कापलेला टीडीएस पॅनवर जमा झालाय ना, ते बघते. 'सावकाश द्या' असं कुणाला लिहीत नाही, तारीख लिहिते. त्या कोटेशनचा मराठी नमुना ज्याला हवा असेल त्याने मागा, मी पाठवीन.