उजवा खांदा, डावा डोळा : चष्म्यावरच्या टेपच्या ठिपक्याचा आठ महिन्यांचा अनुभव

वस्तू एवढीशी. धुरकट, न चमकणारा, कागदावर लावला की दिसेनासा होतो तो टेप. बेळगावच्या खडेबाजारात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो आणि पाव किलो कुंद्याच्या पैशात रोल येतो. त्याचा बटणाएवढा गोल कापून शूटिंगच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर लावायचा. हवेत उडणाऱ्या तबकड्यांवर शॉटगन चालवताना बंदूक उजव्या खांद्याला लागते, पण नेम डावा डोळा पळवतो, अशांसाठी हा उपाय. डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं.

निकाल आधीच सांगून टाकतो: उपाय चालतो. मात्र बंदूक गालाला दर वेळी वेगळ्या जागी लागत असेल तर ठिपका ती चूक झाकत नाही, चव्हाट्यावर आणतो.

चूक किती मोठी असते, याचा हिशोब सोपा आहे. दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ६३ मि.मी. आणि डोळ्यापासून माशीपर्यंत (नळीच्या तोंडावरच्या नेमाच्या मण्यापर्यंत) एक मीटर धरा. गाल दस्त्यावर (बंदुकीच्या मागच्या लाकडी भागावर), म्हणजे नळीचं मागचं टोक उजव्या डोळ्याखाली. पण माशी आणि तबकडी एका रेषेत आणतोय डावा डोळा, त्यामुळे नळीचं तोंड डावीकडे वळतं. पूर्ण ताबा डाव्याकडे गेला तर बार १५ मीटरवर ८८ सें.मी., २० मीटरवर १.२ मीटर आणि ३० मीटरवर १.८ मीटर डावीकडे जातो. तबकडीचा व्यास ११० मि.मी.! छर्ऱ्यांचा फैलाव कितीही उदार धरला तरी एवढं अंतर भरून निघत नाही.

प्रत्यक्षात ताबा बहुतेकदा अर्धामुर्धा जातो आणि तिथेच फसगत होते. उजवीकडून डावीकडे येणाऱ्या तबकडीच्या पुढे तसंही धरायचं असतं, म्हणून ती चुकूनमाकून फुटते. डावीकडून उजवीकडे जाणारीच्या मात्र बार मागे पडतो. स्कीटमध्ये (दोन बाजूंच्या घरांतून आडव्या सुटणाऱ्या तबकड्यांच्या खेळात) डावीकडचं हाय हाउस सुटतंय आणि उजवीकडचं लो हाउस फुटतंय असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं, तर लीड (तबकडीच्या पुढे धरायचं अंतर) वाढवत बसण्याआधी डोळा तपासा.

तपासणी बंदुकीने करायची नाही, बोटाने करायची. सोबत्याला पाच-सहा मीटरवर उभं करा. त्याने एक डोळा मिटायचा. तुम्ही दोन्ही डोळे उघडे ठेवून झटकन त्याच्या उघड्या डोळ्याकडे बोट रोखायचं. तुमच्या कुठल्या डोळ्यासमोर बोट आलं ते त्याला समोरून दिसतं. दहा वेळा करा, पाच सकाळी आणि पाच दिवसभर संगणकावर बसून झाल्यावर. दहाही वेळा डावा आला तर प्रश्न मिटला. सहा-चार आला तर डोळा ‘मधला’ आहे, म्हणजे थकवा आला की पक्ष बदलणारा. अशांना ठिपका फार लहान पुरतो. काही वेळा तो लागतच नाही, कारण दोष दस्त्यात असतो.

हा दस्त्याचा भाग लोक सर्रास सोडून देतात. आपल्याकडे खानापूर, जांबोटी भागात दिसणाऱ्या जुन्या दुनळीचा दस्ता उतरता असतो. गाल नीट टेकवला की उजवा डोळा अ‍ॅक्शनच्या (नळीमागच्या लोखंडी भागाच्या) मागे बुडतो. त्याला माशी दिसतच नाही. मग मेंदू ज्या डोळ्याला दिसतंय त्याचं ऐकतो, आणि उजव्या डोळ्याचा माणूसही डाव्यासारखा चुकतो. म्हणून आधी गाल टेकतो त्या काठावर जाड पुठ्ठ्याची पट्टी आणि वर इन्सुलेशन टेप, असं २-३ मि.मी. करत उंच करत जा. डोळे मिटून बंदूक लावायची, मग उघडायचे. रिबचा (नळीवरच्या पट्टीचा) थोडासा पृष्ठभाग आणि त्यावर मधोमध माशी दिसली की उंची बरोबर. एवढ्यानेच काम झालं तर टेपचा रोल पोरांच्या वह्यांना वापरा.

तरीही शंका असेल तर कागद. १५ मीटरवर चार फूट रुंद पांढरा कागद किंवा उसवून सपाट केलेली खताची गोणी ताणून बांधा, मधे वाटीएवढा काळा गोल काढा. नेम न धरता बंदूक लावली की बार, असे पाच ठिपक्याविना आणि दुसऱ्या गोणीवर पाच ठिपक्यासह. पहिल्या गोणीवर छर्रे डावीकडे किंवा डावीकडून गोणीबाहेर, दुसरीवर मधोमध, म्हणजे दोष डोळ्याचाच. दोन्हींवर डावीकडे, म्हणजे दोष दस्त्याचा.

ठिपका लावताना बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं स्वतः बघा, सोबत्यालाही दाखवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. चष्मा घालून आरशासमोर बंदूक नेहमीसारखी लावा. डोकं त्याच स्थितीत असताना डाव्या बाहुलीसमोर काचेचा जो भाग येतो, तीच जागा. तिथे सोबत्याने स्केचपेनचा टिपका द्यावा. ही जागा काचेच्या मध्यात कधीच येत नाही. मान पुढे झुकून वळलेली असते, त्यामुळे ती वर आणि नाकाच्या बाजूला सरकते. ताठ उभं राहून, काचेच्या मधोमध ठिपका लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मग ठिपका चालताना त्रास देतो आणि बार काढताना कामाला येत नाही.

सुरुवात रुपयाच्या नाण्याएवढ्या, २० ते २२ मि.मी.च्या गोलाने करा. आठवडाभरात शर्टाच्या बटणावर, ११ मि.मी.वर या. तिथून ८. पंचिंग मशीनने पडणारा ६ मि.मी.चा गोल फारच थोड्यांना पुरतो. ज्या मापाला डावीकडचे बार परत सुरू होतात, त्याच्या एक पायरी वर थांबा.

टेप धुरकटच हवा. चकचकीत सेलोटेपचे दोन थर दिले तरी डावा डोळा आरपार बघतो. दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी एप्रिलच्या उन्हात डोळ्यासमोर दिवा लावल्यासारखी चमकते. काळी पट्टी तर अजिबात नको. एका डोळ्यापुढे अंधार आला की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात, वर डावीकडची नजरही जाते. व्हॅसलीनचा पुसट डाग जागा शोधायला छान, पण उन्हात तो पसरतो आणि लाल माती धरून बसतो. धुरकट टेपमधून उजेड येतो, आकृती येत नाही. एवढंच हवं असतं.

स्कीटमध्ये या ठिपक्याचं खरं सोनं होतं. तिथे तबकडी दिसेपर्यंत बंदूक कमरेशी असते आणि डोकं सरळ. ठिपका बाहुलीच्या वर-आत राहतो, दोन्ही डोळे तबकडी पकडतात, वेग आणि अंतर कळतं. बंदूक गालाला आली की ठिपका आपोआप बाहुलीसमोर येतो. डोळा मिटायचा विचारच करावा लागत नाही. हाय हाउसकडे बघताना डावा डोळा काचेच्या कानाकडच्या बाजूने बघतो, त्यामुळे लहान ठिपका आड येत नाही. नाण्याएवढा मात्र येतो, आणि तबकडी खिडकीतून निघाल्याचं उशिरा कळतं.

ट्रॅपमध्ये (समोरच्या खंदकातून दूर जाणाऱ्या तबकड्यांच्या खेळात) समाधान निम्मंच. तिथे बंदूक आधीच खांद्याला, म्हणजे तबकडी मागण्याआधीच तुम्ही एकडोळे झालेले. दोन्ही डोळ्यांनी बघणारा नळीच्या आरपार बघू शकतो, म्हणून तो नळी उंच धरतो. ठिपकेवाल्याने तसं केलं तर तबकडी नळीखाली लपते. नळी खंदकाच्या कडेवर किंवा जरा खाली, नजर नळीच्या वर.

साठ-सत्तर बारांनंतर गाल उचलला जायला लागतो. गाल उचलला की बाहुली ठिपक्याखालून बाहेर येते आणि बार परत डावीकडे. ठिपका सरकला म्हणून तो उचकटून परत लावणारे पुष्कळ. सरकलेली असते मान.

दुसरे उपाय? शिकाऊ पोराला सरळ डाव्या खांद्यावर घ्यावं, हे ठिपक्यापेक्षा चांगलं. फक्त उजव्यांसाठी बाहेर वळवलेला दस्ता त्याला चालणार नाही, आणि सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीची रिकामी काडतुसं त्याच्या तोंडासमोरून उडतात. वीस वर्षं उजवीकडे मुरलेल्या माणसाला मात्र हे सांगू नये. ऐन वेळी डोळा मिटणं फुकट आहे, पण गाल आवळला जातो आणि त्या क्षणी अंतराचा अंदाज जातो. फक्त उजव्याच डोळ्याला दिसणारी, नळकांड्यातली चमकदार माशी महाग पडते, आणि वाईट सवय लावते: नजर तबकडीवरून माशीवर येते, नळी थांबते, बार मागे.

चष्मा पॉलिकार्बोनेटचाच हवा, साधी काच नको. टेपचा चिकटा साबणाच्या पाण्याने काढा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलात तर काचेला बारीक तडे जातात. उन्हाळ्यात एक ठिपका दोन आठवडे टिकतो. जूननंतर, घाटाकडून धुकं उतरायला लागलं की, कडा दिवसभरातच सुटतात आणि सुटलेली कड उजेडात चमकते. दहा-बारा गोल आधीच कापून चष्म्याच्या डबीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावेत. काचेवर जुन्या जागेची खूण बारीक पर्मनंट मार्करने करून ठेवली, तर राउंडच्या आधी अर्ध्या मिनिटात नवा लागतो.

आणि निपाणीकडच्या मंडळींनी एक बघावं: सराव कोल्हापूरच्या बाजूला ठरला असेल तर परवान्यावर वैधतेचं क्षेत्र काय लिहिलंय ते सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर नव्हे, घरीच वाचा. फक्त कर्नाटक असेल तर चष्मा पलीकडे जाईल, बंदूक नाही.