वेर्ण्यातील सॉल्व्हंट पुनर्प्राप्ती संच: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील आमच्या औषध कारखान्यात सांडपाण्यातून आयसोप्रोपिल अल्कोहोल हे सॉल्व्हंट (द्रावक) परत मिळवणारा नवा ऊर्ध्वपातन संच बसवला, त्याला दोन पावसाळे झाले. सांडपाणी प्रक्रिया विभाग माझ्याकडे असल्याने हा संच मी रोज पाहतो.

हे अल्कोहोल पाण्याबरोबर जाऊ देणे किती महाग पडते, ते ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) काम करणाऱ्याला नेमके कळते: एक किलो अल्कोहोलच्या पूर्ण विघटनाला सुमारे २.४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो पुरवणारे ब्लोअर रात्रंदिवस वीज खातात. जुन्या कॉलमला (ऊर्ध्वपातनाच्या उभ्या मनोऱ्याला) बॉयलरची वाफ खालून द्यायची आणि वरच्या वाफेतली उष्णता कूलिंग टॉवरवर घालवायची, अशी रीत होती. नव्या संचात माथ्यावरची सुमारे ८० अंशांची वाफ कॉम्प्रेसरने दाबून तापवली जाते आणि रीबॉयलरमध्ये तिचे द्रव होताना सुटणाऱ्या उष्णतेवर तळाचे पाणी उकळते. माथा आणि तळ यांच्या तापमानांत जेमतेम २० अंशांचे अंतर आहे, म्हणूनच हा व्यवहार परवडतो. बॉयलरची वाफ आता मुख्यतः संच सुरू करतानाच लागते. तळाच्या पाण्याच्या नमुन्याचे बूच काढले की पूर्वी स्पिरिटचा भपकारा यायचा. आता तो येत नाही.

मात्र कॉलम कितीही उंच असला तरी वजनाने सुमारे ८८ टक्क्यांपुढे अल्कोहोल जात नाही, कारण तेथे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. उरलेले पाणी शोषणारी ३ अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह पुरवठादाराने दरपत्रकात धरलीच नव्हती. खरेदीपूर्वी हे लेखी विचारून घ्यावे.

खरी नाराजी सेवेबद्दल आहे. पहिल्याच जुलैत कॉम्प्रेसरमधून वाफ बाहेर गळू न देणाऱ्या सीलवरचा नायट्रोजनचा दाब घसरू लागला. ज्वलनशील वाफेशी खेळ नको म्हणून आम्ही संच थांबवला. सुटे सील पुरवठादाराकडे तयार नव्हते आणि नऊ दिवस आमचे ड्रम सांडपाण्याने भरत राहिले. शिवाय खाऱ्या, दमट हवेने पॅनेलमधील तांब्याच्या जोडण्यांवर हिरवट थर चढला, तेव्हा आत हीटर आम्हीच बसवला. आता दोन सील आमच्याच स्टोअरमध्ये असतात.

एकाच सॉल्व्हंटचे सांडपाणी सतत येत असेल, तर हा संच मी निःशंकपणे सुचवीन. ज्यांच्याकडे दर आठवड्याला मिश्रण बदलते, त्यांनी साधा बॅच कॉलमच (एकेक भरण वेगळे चालवता येणारा) घ्यावा.