आधी कूलर की एसी ते सांगा, मग प्युरिफायरचं बोलू

जळगाव-धुळ्याकडे हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिली चौकशी करतो ती फिल्टरची. एच-१३ दर्जाचा, म्हणजे बारीक कण अडवणारा दाट फिल्टर आहे का, किती थर आहेत, मोबाइलवर आकडा दिसतो का. ह्या सगळ्याच्या आधी विचारायला हवं ते वेगळंच: वैशाखात ती खोली थंड कशाने होते? ह्या उत्तरावर निम्मा निर्णय होऊन जातो. बाजारातली बहुतेक माहिती दिल्लीच्या थंडीतल्या धुरक्याचा विचार करून लिहिलेली असते, म्हणजे दारं-खिडक्या लावून बसलेल्या घरासाठी. भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा आपल्या खिडकीत कूलर घोंघावत असतो आणि समोरची खिडकी मुद्दाम उघडी ठेवलेली असते.

कूलरचं घर

बारा बाय बाराची, दहा फूट उंच खोली धरा. आतली हवा भरते सुमारे ४१ घनमीटर. घरगुती डेझर्ट कूलरच्या खोक्यावर ताशी ३,००० घनमीटर किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असतो. पॅड चोंदलेले, पंखा जुना, म्हणून निम्माच धरला तरी खोलीतली हवा तासाला छत्तीसएक वेळा बदलते, आणि ही सगळी हवा बाहेरची. साध्या घरगुती प्युरिफायरचा सीएडीआर, म्हणजे तासाला तो किती स्वच्छ हवा देतो तो आकडा, २५० ते ३५० घनमीटरच्या घरात असतो. दोन्ही एकत्र चालले तर खोलीतली धूळ फार तर पाचव्या हिश्शाने कमी होईल. तेवढ्यासाठी महागडा फिल्टर बाहेरच्या फुफाट्याच्या तोंडी द्यायचा. माझ्या मते हे पैसे पाण्यात.

चालू कूलरच्या खोलीत प्युरिफायर नको, हा माझा स्पष्ट सल्ला. तोच पैसा कूलरवर घाला. ओल्या पॅडवर जाड धूळ बरीच अडते. बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते मात्र निसटतात. गवताचे पॅड स्वस्त, पण दर हंगामाला बदलावे लागतात आणि मधेच खाली बसून वरच्या बाजूला फट पडते. त्या फटीतून धूळ सरळ आत येते. हनीकोंब पॅड महाग, पण दाट आणि एकसारखे भिजतात. बोअरचं जड पाणी असेल तर त्यांवर पांढरे क्षार चढतात, म्हणून टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकायचं. डेंग्यूच्या डासांसाठीही ते करावंच लागतं. कूलर रस्त्याच्या बाजूला आहे की मागच्या अंगणाच्या, ह्याने जेवढा फरक पडतो तेवढा पॅडच्या जातीनेही पडत नाही. अंगणात सडा पडत असेल तर कूलर तिकडेच बसवा.

मग कूलरवाल्यांनी प्युरिफायर घेऊच नये का? घ्यावा, पण उन्हाळ्यासाठी नाही. दिवाळीनंतर कूलर माळ्यावर जातो, जिनिंग, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करणाऱ्या गिरण्या, सुरू होतात, पहाटेचा धूर आणि बारीक धूळ थंड हवेत जमिनीलगत साचून राहते, शेकोट्या पेटतात, शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जाळली जाते. तेव्हा घरं आपोआप बंद असतात. बारीक कणांचा त्रास ह्याच महिन्यांत जास्त, आणि बंद खोलीत यंत्र खरंच काम करतं. दमेकरी आई-वडील किंवा लहान मूल घरात असेल तर कार्तिक ते माघ एवढ्यासाठीही ते परवडतं. बाकीचे आठ महिने कापडात गुंडाळून ठेवा. फिल्टरही तेवढाच जास्त टिकेल.

एसीचं घर

इथे चित्र पालटतं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच फिरवून थंड करतो. खोली बंद, म्हणून प्युरिफायरचा प्रत्येक फेरा कामी येतो. ‘एसीतच पीएम २.५ फिल्टर आहे, वेगळं यंत्र कशाला’ असं दुकानदार म्हणतो, ते फारसं मनावर घेऊ नका. स्प्लिटच्या आतल्या लांबट पंख्यात दाट फिल्टरमधून हवा ढकलायची ताकद नसते, म्हणून तिथे बसवतात ती पातळ पट्टी. मूळ जाळी धुळीचे पुंजके आणि केस अडवते, त्यापुढे काही नाही.

आकार ठरवायचं गणित सोपं आहे: खोलीचे घनमीटर गुणिले पाच. तासाला निदान पाच वेळा स्वच्छ हवा मिळावी, अशी शिफारस अमेरिकेच्या सीडीसी ह्या रोगनियंत्रण संस्थेने २०२३ मध्ये केली. ती मुख्यतः श्वसनाच्या रोगांसाठी होती, पण धुळीलाही हे माप चालतं. वरच्या खोलीला ताशी साधारण २०५ घनमीटर लागतील. मात्र छापलेला सीएडीआर सर्वांत जोरात चालवल्यावरचा असतो आणि त्या आवाजात कुणाला झोप लागत नाही. म्हणून ३५० चं यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवा. एच-१३ की एच-१२ ह्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. हवा पुन्हापुन्हा फिरते, तेव्हा किती फिरते ते जास्त मोलाचं. ‘एचईपीए टाइप’, म्हणजे दाट फिल्टरसारखं, एवढंच लिहिलेलं आणि सीएडीआर न छापलेलं यंत्र मात्र सोडून द्या.

खान्देशात खरी कसोटी प्युरिफायरच्या पुढच्या जाळीची आहे. इथली धूळ जाड असते, काळ्या मातीची, आणि कपाशीच्या हंगामात तिच्यात रुईचे तंतू मिसळतात. ही जाळी सहज निघणारी, धुता येणारी हवी, आणि ती पंधरा दिवसांनी धुतलीच पाहिजे. न धुतल्यास मागचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यात संपला तरी आश्चर्य नको. मुख्य फिल्टर कधीही पाण्याने धुऊ नका. त्यातले बारीक तंतू बसले की बाहेरून तो स्वच्छ दिसतो आणि कण अडवायचं सोडून देतो.

पॅनेलवरच्या हिरव्या दिव्याचं थोडं सांगायला हवं. स्वस्त लेझर सेन्सर बारीक कण बऱ्यापैकी मोजतात, जाड धूळ त्यांना नीट दिसत नाही. वावटळ येऊन गेली, टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर बसला, तरी आकडा शांत राहू शकतो आणि ऑटोवर ठेवलेलं यंत्र मंद फिरत बसतं. वारा सुटला की हाताने वेग वाढवा. उलट खोलीत पाण्याची वाफ सोडणारं यंत्र चालू असेल तर तोच सेन्सर उगाच लाल होतो. आकडा वाचताना भारतीय मानक लक्षात ठेवा: चोवीस तासांची सरासरी पीएम २.५ साठी ६० आणि पीएम १० साठी, म्हणजे थोडे जाड कणही धरून, १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा याहून बरीच कडक आहे, १५ आणि ४५. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे मानकात न बसणाऱ्या शहरांच्या, यादीत जळगावचं नाव आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

फिल्टर सोडून बाकीचं

इलेक्ट्रोस्टॅटिक पद्धतीत धूळ विजेच्या भाराने प्लेटांना चिकटते, म्हणून फिल्टर बदलायचा खर्च नाही, प्लेटा धुवायच्या. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्रात धुराड्यापूर्वी राख अडवायला हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर असते. घरात अडचण अशी की प्लेटांवर धूळ चढली की पकड ढिली होते, आणि आपल्या धुळीत ती लवकर चढते. शिवाय थोडा ओझोन तयार होतो, तो दमेकऱ्याला नको. ज्याच्याकडे नेमाने प्लेटा धुणारा माणूस आहे त्याने विचार करावा. घरगुती वापराला मी सुचवणार नाही. कणांना विजेचा भार देणाऱ्या आयोनायझरने ते भिंतीवर आणि पडद्यावर बसतात, जातात कुठे? यूव्ही दिवा जंतूंसाठी, धुळीशी त्याचा संबंध नाही. कार्बनचा थर वास आणि वायूंसाठी; नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांजवळ राहणाऱ्यांना वाटतं कार्बन जास्त हवा, पण नाकाला झोंबतात ते मिरचीचे कण, आणि ते धुळीच्या फिल्टरलाच अडतात. कुंड्या आवडत असतील तर ठेवा. हवेत फरक पडायला जमिनीच्या दर चौरस मीटरला किमान दहाएक झाडं लागतील, असं २०१९ च्या एका आढाव्यात निघालं होतं.

दवाखाना, पेढी, शाळा

दार सतत उघडझाप होणाऱ्या जागेत कोपऱ्यातलं यंत्र हरतं. सराफाची पेढी किंवा ओपीडी असेल तर बाहेरची हवा गाळून आत ढकलणारी व्यवस्था बघा. आत दाब थोडा जास्त राहिला की फटींतून धूळ येण्याऐवजी हवा बाहेर जाते. आधी जाड जाळी, मागे एमईआरव्ही-१३ दर्जाचा, म्हणजे बारीक कणही बऱ्यापैकी अडवणारा फिल्टर, एवढं पुरतं. दुसरा फायदा कार्बन डायऑक्साइडचा: प्युरिफायर तो कमी करत नाही, ताजी हवा करते. पंधरा माणसं बसणाऱ्या खोलीला ताशी ४०० घनमीटर ताजी हवा द्यायची म्हटलं आणि बाहेर ४५ अंश, आत २७ ठेवायचे असतील, तर फक्त ती हवा थंड करायला दोन किलोवॉटच्या वर, म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त एसी खर्ची पडतो. हा हिशेब न देणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नका. बाहेर जाणाऱ्या हवेचा थंडावा परत मिळवणारं युनिट त्यातला काही भाग वाचवतं, पण त्याच्या पुढेही जाळी हवीच, नाहीतर ते धुळीने बुजतं.

शाळेला मी यंत्र विकत घ्यायला सांगणार नाही. मोठ्या वर्गाला तीन-तीन यंत्रं लागतात आणि त्यांचे फिल्टर दुसऱ्या वर्षी कोण बदलणार? मैदानाच्या कडेला फरशी किंवा गवत, केरसुणीऐवजी ओला पोछा, पायपुसणी, रस्त्याकडच्या खिडक्यांना बारीक जाळी, ह्यावर आधी खर्च व्हावा. त्यानंतरही हिवाळ्यापुरतं काही हवंच असेल तर कॉर्सी-रोझेन्थल पद्धतीचा खोका आहे: चार बाजूंना एमईआरव्ही-१३ फिल्टर, वर पंखा, सांधे टेपने बंद. २०२० पासून तो जगभर लोक हाताने बनवतात. डक्टचं काम करणाऱ्यांकडे हे फिल्टर मिळतात. साधा टेबल फॅन मात्र कमजोर पडतो, चांगला एक्झॉस्ट फॅन लागतो.

जिनिंगच्या आवारातलं ऑफिस हा वेगळा प्रकार. तिथे कुठलंही घरगुती यंत्र आठवड्यात रुईने माखतं. ऑफिस आवाराच्या ज्या टोकाकडून वारा येतो तिकडे हलवता आलं तर उत्तम, नाहीतर दोन दारांची मधली खोली करून घ्या आणि मग आत एसी व प्युरिफायर लावा.

खिशाचं

घरगुती यंत्र साधारण आठ ते पंधरा हजारांत येतं. विजेचा खर्च किरकोळ: ५० वॉटचं यंत्र रोज दहा तास चालवलं तर महिन्याला १५ युनिट, आणि लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर चालतं, एसी चालत नाही. खरा खर्च बदली फिल्टरचा. तेव्हा यंत्राची किंमत विचारण्याआधी फिल्टरची विचारा, तो जळगावात लगेच मिळतो की मागवावा लागतो तेही विचारा, आणि वर्षाला दोन लागतील असं धरून तीन वर्षांची बेरीज दुकानातच करा. बऱ्याचदा स्वस्त यंत्र ह्या बेरजेत महाग निघतं.