जुने आरपीजी मूळ कार्ट्रिजवर: गेम स्वस्त, पुठ्ठा महाग

रिव्ह्यू कशाचा, तर एका महागड्या सवयीचा. १९९० च्या दशकातले आणि त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतले रोल-प्लेइंग गेम (आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन लांबलचक गोष्ट खेळायची) मूळ कार्ट्रिजवर (गेमच्या कॅसेटवर) किंवा मूळ डिस्कवर विकत घ्यायचे आणि त्या काळच्याच कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, खेळायचे, हे माझं गेले कित्येक महिने चालू आहे. घेतलेला प्रत्येक गेम मी खेळले आहे, निव्वळ फडताळात मिरवायला काही ठेवलेलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं वापरणाऱ्याच्या नजरेतून आहे. गुंतवणूक म्हणून गेम घेणाऱ्यांना यातलं बरंचसं पटणार नाही.

आधी भावाबद्दल. महाग आरपीजी म्हणजे दुर्मीळ आरपीजी, असं गृहीत धरून लोक बाजारात उतरतात. क्रोनो ट्रिगर घ्या. १९९५ चा गेम, एकट्या जपानमध्ये वीस लाखांहून जास्त प्रती खपलेल्या. लिलावाच्या साइटवर कधीही शोधा, विकायला असतोच. तरी अमेरिकन कार्ट्रिजला हात लावायचा म्हटलं की दहादा विचार करावा लागतो, आणि त्याच गेमचं जपानी कार्ट्रिज त्या मानाने किरकोळीत मिळतं. तोच खेळ, तीच ३२ मेगाबिटची साठवण, तेच संगीत. हा गेम पुढे प्लेस्टेशनवर आला, निन्टेन्डोच्या हातात धरायच्या डीएसवर आला, २०१८ मध्ये पीसीवरही आला, तरी मूळ कार्ट्रिजचा भाव काही जमिनीवर आला नाही. शाळकरी वयात तो इंग्रजीत खेळलेली पिढी आता कमावती झाली आहे आणि तिला तीच राखाडी कॅसेट परत हवी आहे, एवढाच त्याचा अर्थ. २०२०-२१ मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा या हौसेला उधाण आलं आणि भाव आणखी चढले.

तेव्हाही हे गेम स्वस्त नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं. फॅन्टसी स्टार ४ हा २४ मेगाबिटचा गेम १९९५ मध्ये अमेरिकेत जवळपास शंभर डॉलरला लागला होता. गेम साठवणारी मोठी रॉम चिप, सेव्हसाठी (खेळ कुठवर आला त्या नोंदीसाठी) वेगळी मेमरी आणि वर सेल, असा सगळा ऐवज असल्यामुळे आरपीजी बाकीच्या गेमपेक्षा महागच असायचे. 'तेव्हा काय, चिल्लरमध्ये मिळायचं' हे नुसतं आठवणींचं गुलाबी पाणी आहे.

आता या छंदातला सगळ्यात मोठा खर्च. तो गेमचा नाही, पुठ्ठ्याचा आहे. अर्थबाउंड १९९५ मध्ये अमेरिकेत आला तो भल्यामोठ्या खोक्यात, सोबत पूर्ण प्लेयर्स गाइड आणि त्या गाइडमध्ये खरवडून वास घ्यायची कार्डं. जाहिरातीतच 'हा गेम घाण मारतो' असं लिहिण्याचा आगाऊपणा निन्टेन्डोने केला होता. गेम तिथे फारसा चालला नाही. ते खोकं धड कुठल्या कपाटात मावायचं नाही, त्यामुळे बहुतेक घरांतून ते कचऱ्यात गेलं. आज नुसतं कार्ट्रिज महाग आहेच, पण खोकं, गाइड आणि न खरवडलेली कार्डं असा पूर्ण संच त्याच्या कितीतरी पट जातो. यातला एकही जास्तीचा पैसा तुम्हाला खेळताना दिसत नाही. टीव्हीवर दोन्ही सारखेच.

लूनार: सिल्व्हर स्टार स्टोरी कम्प्लीट या प्लेस्टेशन गेमची तर वेगळीच गंमत आहे. वर्किंग डिझाइन्सने १९९९ मध्ये तो काढला तेव्हा गेमच्या दोन डिस्क, संगीताची एक, निर्मितीकथेची एक, कापडी नकाशा आणि जाड बांधणीचं मॅन्युअल असा थाट होता. आता हे सगळं सुटं सुटं विकलं जातं. कोणी नुसता नकाशा विकतो, कोणी नुसतं बाहेरचं खोकं. संच पुरा करायच्या नादात तुकड्यातुकड्याने घेत गेलं की शेवटी अखंड संचापेक्षा जास्त पैसे जातात, शिवाय प्रत्येक पार्सलचं टपाल वेगळं. परदेशातून मागवलं तर जकातही. मी यात पडले नाही. गेम सुटा घेतला, मॅन्युअल स्कॅन करून ठेवलेलं वाचलं, संपलं.

इथवरचं कुठल्याही जुन्या गेमला लागू पडेल. आरपीजीची खरी अडचण वेगळी आहे आणि ती लिस्टिंगमध्ये, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीत, कधीच लिहिलेली नसते. विकणारा 'टेस्टेड, वर्किंग' लिहितो, तेव्हा त्याने काय तपासलेलं असतं? गेम सुरू होऊन टायटल स्क्रीन येतो का, इतकंच. मारामारीच्या गेमला ते चालून जातं. पन्नास तासांच्या गेमला नाही. सेव्ह टिकतो का हे कन्सोल बंद करून, कार्ट्रिज काढून, दुसऱ्या दिवशी परत लावल्याशिवाय कळत नाही. आणि चार डिस्कच्या गेमची तिसरी डिस्क चालते का हे कळायला तिथवर पोहोचावं लागतं.

माझी लेजेंड ऑफ ड्रॅगूनची प्रत अशीच 'टेस्टेड' होती. पहिल्या दोन डिस्क झक्कास. तिसरीवर एक व्हिडिओ सुरू झाला, आवाज अडखळला, चित्र गोठलं, आणि डिस्क आत नुसती गरगरत राहिली. उजेडात धरून पाहिली तर ट्रॅकच्या दिशेने गेलेला एक गोलाकार ओरखडा. आतून बाहेर जाणारा आडवा ओरखडा कन्सोल बऱ्याचदा सांभाळून घेतो, कारण प्रत्येक फेरीत थोडीशीच माहिती बुडते. हा गोल ओरखडा मात्र सलग माहिती खातो. तोवर परत करायची मुदत कधीच उलटून गेली होती, आणि विकणाऱ्याचं म्हणणं, 'आमच्याकडे चालत होती.' चालतच असणार, पहिली डिस्क. शेवटी खालची बाजू पॉलिश करून घेतली आणि काम झालं. ओरखडा लेबलच्या बाजूला असता तर काही उपाय नव्हता, कारण सीडीचा चकाकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो. लोक खालची बाजू जपतात आणि वरची बाजू खुशाल टेबलावर घासतात.

कार्ट्रिजचं दुखणं म्हणजे सेल. सुपर निन्टेन्डो या नव्वदीतल्या कन्सोलच्या गेममध्ये सेव्ह एका छोट्या मेमरी चिपवर राहतो आणि कन्सोल बंद असताना ती चिप एका सीआर २०३२ सेलवर जगते. सेल मेला की सेव्ह गेला. माझ्याकडचं फायनल फॅन्टसी ३ (म्हणजे खरं तर सहावा भाग, अमेरिकेत १९९४ मध्ये या आकड्याने आला) उघडलं तो प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. उघडायला साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही, ३.८ मिलिमीटरचं गेमबिट (खास टोकाचा स्क्रूड्रायव्हर) लागतं. आत बोर्डावर सेल खोबणीत बसवलेला नसतो. त्याला पत्र्याच्या दोन पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात आणि त्या पट्ट्या बोर्डाला सोल्डर केलेल्या. मीटर लावला तर सेल तीन व्होल्टच्या आसपास. तीस वर्षांनी! आणि आत जुन्या मालकाचे तिन्ही सेव्ह शाबूत: एक जेमतेम सुरुवातीचा, एक मधलाच, आणि एक शेवटच्या मनोऱ्याच्या तोंडाशी पन्नासएक तासांवर थांबलेला, त्यात एका पात्राला कुत्र्याला शोभेल असं नाव दिलेलं.

सेल काढला की हे सगळं पुसलं जाणार. म्हणून आधी कार्ट्रिज वाचणारं यंत्र आणलं, सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि मगच सेल बदलला. चालू सेल कशाला बदलायचा, असं कोणी विचारेल. मला त्याच्या भरवशावर माझे पन्नास तास टाकायचे नव्हते. सेल चिल्लरमध्ये येतो. पण गेमबिट, सोल्डरिंगचं सामान, मीटर आणि ते यंत्र धरलं तर एका बऱ्यापैकी गेमचे पैसे नुसत्या हत्यारांत गेले. सेल चिकटपट्टीने दाबून बसवलेली कार्ट्रिजं बाजारात भरपूर फिरतात. ती घेऊ नका, हलकासा धक्का बसला तरी सेव्ह उडतो. या बाबतीत प्लेस्टेशन सुखाचं, त्याच्या मेमरी कार्डाला सेलच लागत नाही. सेगाच्या सॅटर्न कन्सोलला लागतो, पण तो मागचं झाकण उघडून कोणालाही बदलता येतो, सोल्डरिंग नको.

नकली मालाबद्दल थोडक्यात. जितका गेम महाग तितकी नक्कल जास्त, आणि लहान कार्ट्रिजच्या पोकेमॉन गेमांत तर सुळसुळाट आहे. सुपर निन्टेन्डोच्या कार्ट्रिजचा बोर्ड उघडून बघायला मिळाला तर एसएचव्हीसीने सुरू होणारा नंबर आणि निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसलं पाहिजे. हाताने ओढलेल्या वायरी किंवा चिपच्या जागी काळा गोळा दिसला की समजायचं. मी आता बोर्डाचा फोटो मागितल्याशिवाय महागडं काही घेत नाही. 'उघडायला जमत नाही' म्हणणारे बरेच भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार. जाता जाता: मूळ अर्थबाउंडमध्ये नक्कल पकडायची सोयच केलेली होती. आधी इशाऱ्याचा स्क्रीन, तो चुकवला तर शत्रूंची संख्या बेसुमार वाढते, आणि तरीही कोणी चिकाटीने शेवटच्या लढाईपर्यंत गेलंच तर गेम गोठतो आणि सगळे सेव्ह पुसून टाकतो. इतका खुनशीपणा दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिला नाही.

जपानी कार्ट्रिज स्वस्त, मग तेच का घेऊ नये? उड्या मारायच्या गेमला जरूर घ्या. आरपीजी म्हणजे वाचन आहे, मेनूपासून निरोपाच्या संवादापर्यंत. जपानी येत असेल तर तुमच्यासारखं भाग्यवान कोणी नाही, निम्म्याहून कमी खर्चात संग्रह उभा राहील. अमेरिकन कन्सोलमध्ये जपानी कार्ट्रिज अडतं ते केवळ खाचेतल्या प्लास्टिकच्या दोन दांड्यांमुळे. युरोपियन मशीनचं तसं नाही, तिथे दुसऱ्या भागातले गेम अडवणारी लॉकआउट चिपच वेगळी आहे, आणि तिथल्या ५० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीमुळे बरेच गेम संथ चालतात. युरोपियन प्रती मी टाळते.

जोडीला टीव्हीचा खर्च. ही मशीनं २४० ओळींचं चित्र देतात, आणि आजचे बरेच टीव्ही ते भलतंच समजून पुसट आणि उशिरा दाखवतात. आरपीजीत उशीर चालतो, पण पुसट अक्षरं पन्नास तास वाचणं ही शिक्षा आहे. एकतर जुना डबडा टीव्ही मिळवा (जड, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा सापडत नाही) किंवा चांगला अपस्केलर (जुनं चित्र नव्या टीव्हीसाठी मोठं करून देणारं यंत्र) आणि रंग वेगवेगळे नेणारी आरजीबी केबल घ्या. माझ्याकडच्या अपस्केलरची किंमत माझ्या सगळ्यात महाग गेमपेक्षा जास्त आहे आणि ते पैसे मला अजिबात टोचत नाहीत. खोक्यांच्या पैशांबद्दल मी असं म्हणू शकले नसते.

सीलबंद आणि ग्रेड केलेल्या (अवस्था तपासून दर्जा दिलेल्या) प्रतींबद्दल मला काही म्हणायचं नाही. जुलै २०२१ मध्ये हेरिटेज या लिलाव कंपनीच्या लिलावात झेल्डा या गेमची एक सीलबंद प्रत ८,७०,००० डॉलरला गेली. तो बाजार वेगळा, ती माणसं वेगळी. जो गेम कधी उघडायचाच नाही त्याच्या आत पन्नास तासांची गोष्ट आहे की रिकामी कॅसेट, काय फरक पडतो?

कोणता गेम कधी घ्यावा, यावर माझं एक मत बनलं आहे. ज्याची नवी आवृत्ती येऊ शकते त्यासाठी थांबावं. झेनोब्लेड क्रॉनिकल्स निन्टेन्डोच्या वी कन्सोलवर २०१२ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा तो एकाच साखळीच्या दुकानांत आणि निन्टेन्डोकडेच मिळायचा, म्हणून जुन्या प्रतींचे भाव चढले. २०१५ मध्ये न्यू ३डीएसवर आणि २०२० मध्ये स्विचवर आला आणि ती घाई ओसरली. सुइकोडेन २ साठी लोक वर्षानुवर्षं वाटेल तो भाव मोजत होते, २०२५ मध्ये त्याची एचडी आवृत्ती आली. लूनारही त्याच वर्षी आला. ज्यांना फक्त गोष्ट हवी त्यांनी ह्याच आवृत्त्या घ्याव्यात, मूळ प्रतीत खेळ म्हणून जास्त काही नाही.

पण सगळेच गेम असे परत येत नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमांपैकी ८७ टक्के गेम बाजारात विकतच मिळत नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये ३डीएस आणि वी यू यांचं ऑनलाइन दुकान बंद झालं, म्हणजे डिजिटल घेतलं की प्रश्न मिटला असंही नाही. अशा गेमांसाठी मात्र मी पैसे मोजते.

पॅन्झर ड्रॅगून सागा त्यातला. १९९८ मध्ये सेगा अमेरिकेतून सॅटर्नचा गाशा गुंडाळत असताना मोजक्या प्रतींत आलेला चार डिस्कचा गेम, त्यानंतर आजवर दुसऱ्या कुठल्याही मशीनवर नाही. एक प्रत सध्या नजरेत आहे. केसला तडा आहे म्हणून भाव थोडा उतरवलाय. केस फुटली तर फुटली, मला चालेल. चारही डिस्कच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागितले होते. पहिलीचे ताबडतोब आले. बाकीच्या तिघींचे अजून येतायत.